अस्तरातला खिसा

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही बॉबीन म्हणतो. नाव वडिलांनी ठेवलं. ते शिंपी. ही जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल होती, म्हणून ते म्हणाले, ही तर मशीनच्या बॉबीनच्या डबीत मावेल. आता ती त्रेचाळीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. वडिलांमागे दुकान आम्ही दोघी चालवतो. मी कापते आणि बोलते, ती शिवते आणि गप्प बसते. गिऱ्हाइकं मला मास्तरीणबाई म्हणतात. तोंडाचा पट्टा माझा आणि हातातली सफाई तिची, हे आज कबूल करते. एरवी केलं नसतं.

गोष्ट तिची आहे, पण तिच्यात तोंड काळं झालंय ते माझं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच मला पळवाट शोधायला नको.

बॉबीन अकरा वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. उतारवयात होतो तो नव्हे. पोराटोरांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन तयार करायचंच सोडून देतं. बाहेरून दिलं नाही तर माणूस जगत नाही, इतकी सरळ गोष्ट. आई हबकली. दार लावून घेऊन तिने आम्हाला बजावलं, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, पोरीचं लग्न व्हायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तेव्हा वीस वर्षांची होते. आईचं बोलणं मी असं काही मनावर घेतलं की पुढे आई गेली, बॉबीनचं लग्नाचं वय गेलं, तरी मी मूठ आवळूनच बसले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मग दोन मशीनं, आणि मागे आरसा लावलेला एक कोपरा. त्याला पडदा. त्या पडद्याआड गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात आणि बॉबीन बत्तीस वर्षं सुया टोचून घेत आली. मी बाहेर पडद्याला पाठ लावून उभी. एकदा एका बाईने घाईघाईने पडदा सारला आणि बॉबीन शर्ट वर करून पोटात सुई खुपसताना दिसली. मी पटकन म्हटलं, "अशक्तपणा आहे हो, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन." बाई "अगंबाई" म्हणाली आणि पुन्हा कधी आली नाही. त्यानंतर मी पडद्याला आतून कडी लावलेली दांडी बसवून घेतली. बॉबीन म्हणाली, "ताई, तिजोरी केलीस की गं!" आणि हसली. ती माझ्यावर अशीच हसायची, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक चाललंय.

ठीक काही नव्हतं. गेल्या दोनतीन वर्षांत तिची साखर अचानक कोसळायला लागली. पहाटे घामाने भिजून उठायची आणि चाचपडत साखरेचा डबा शोधायची. एकदा दुकानात तिने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या. मी केवढं तोंडसुख घेतलं! "दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक कुठून आणू?" ती नुसती बघत राहिली, डोळे काचेसारखे. तिची साखर तेव्हा इतकी खाली गेली होती की माझं बोलणं तिला समजतच नव्हतं. हे मला नंतर कळलं. माफी मागितली का? छे. मी फक्त बाही उसवून दिली.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी मग पंपाचं काढलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, आत इन्सुलिन. त्यातून एक बारीक नळी निघते, तिचं टोक पोटाला चिकटवायचं. दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन जात राहतं, आणि जेवताना बटण दाबून वाढवून घ्यायचं. दिवसाला चार सुयांऐवजी तीन दिवसांतून एकदा नळी बदलायची. "पण यंत्र आहे," त्या म्हणाल्या. "नळी अडली किंवा गळली तर तासाभरात साखर चढायला लागते, कारण तुमच्या अंगात इन्सुलिनचा दुसरा साठाच नसतो. इंजेक्शनात ती भीती कमी. सतत लक्ष ठेवायची तयारी असेल तर घ्या. महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर परत करा."

बॉबीनने ते यंत्र हातात घेतलं आणि सगळी बटणं दाबून पाहिली. कितीतरी वर्षांनी तिला एखाद्या वस्तूचा हट्ट धरताना मी पाहिलं. "ताई, घेऊ या ना."

मी म्हटलं, "कमरेला डबा लटकवून मापं घेणार का गिऱ्हाइकांची? लोक विचारतील, हे काय? मग काय सांगायचं?"

ती लगेच विझली. मग मीच उदार झाले. म्हटलं, घे, पण दिसता कामा नये. तिच्या पाच शर्टांना मी आतून अस्तराची पट्टी लावली आणि त्या अस्तरात खिसा शिवला. यंत्र खिशात, नळी अस्तराच्या आतून पोटापर्यंत. खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं होतं. आणि दुकानातल्या खणात इंजेक्शनचं पेन असायचं, तेही मी घरी नेऊन ठेवलं. आता यंत्र आहे ना, मग सुया कशाला इथे, कुणाच्या हाती लागल्या म्हणजे?

दोन आठवडे सोन्यासारखे गेले. बॉबीन पहाटे शांत झोपायला लागली. भूक लागली की जेवायची, नाही लागली तर नाही, घड्याळाकडे न बघता. एके दिवशी मशीनवर बसून गुणगुणत होती. मी म्हटलं, "काय गं, लॉटरी लागली का?" तर म्हणाली, "ताई, मला आज दिवसभर आठवलंच नाही की मी आजारी आहे."

मग तो बुधवार आला. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाई त्यांच्या माणसांसाठी तीस कोट शिवून घेणार होत्या. नमुन्याचा कोट घालून बघायला त्या येणार होत्या साडेदहाला. दहाला माझी नजर बॉबीनच्या शर्टाकडे गेली. खिशाच्या वजनाने डावी बाजू लोंबत होती आणि आत काहीतरी आहे ते कळत होतं. "इकडे ये," मी म्हटलं. ती हात वर करून उभी राहिली, लहानपणी आई न्हाऊ घालताना राहायची तशी. मी कुशीत चिमटीभर कापड दुमडलं आणि दोन टाचण्या मारल्या. फुगवटा गेला. "संध्याकाळी टीप मारून देते," म्हटलं आणि विसरून गेले. टाचण्या मारणं हे काय आम्हाला आठवणीत ठेवायचं काम आहे? दिवसातून दोनशे मारतो.

मॅनेजरबाई आल्या, पण साडेदहाऐवजी बारा वाजता. कोट दोनदा सैल करून झाला, मग बटणं बदलायची ठरली. बारालाच बॉबीनने पडद्याआड जाऊन बोट टोचून साखर बघितली. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "चढलीये. बटण दाबून घेतलं जास्तीचं." दोनला म्हणाली, "ताई, उतरत नाहीये. घरी जाऊन पेनने घेऊन येते, नळीपण बदलते." घर वीस मिनिटांवर. मॅनेजरबाई जेवून परत आल्या होत्या, आरशासमोर उभ्या होत्या. बाहीची टीप बॉबीनशिवाय कोण मारणार? मी म्हटलं, "अर्धा तास थांब गं, आता काय लगेच मरत नाहीस."

हे मी म्हटलं. याच शब्दांत.

मध्ये एकदा तिच्या शर्टाच्या कुशीला रुपयाएवढा ओला डाग दिसला. दवाखान्यात येतो तसला वास येत होता. मला वाटलं इस्त्रीचं पाणी सांडलं. मी तिला उभ्याउभ्या टॉवेलने टिपलं, गिऱ्हाइकापुढे गबाळं दिसू नये म्हणून.

चारच्या सुमाराला ती मशीनवरून उठली आणि दाराशी जाऊन ओकली. मग खाली बसली आणि धापा टाकायला लागली, जिना चढून आल्यासारख्या. मॅनेजरबाई धावल्या. "काय झालं हो यांना?" आणि माझ्या तोंडातून, सवयीने, न अडखळता निघालं, "काही नाही, बाहेरचं खाणं बाधलंय. होईल बरी." त्या जरा घुटमळल्या, काळजी घ्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांची पाठ वळताच बॉबीन आडवी झाली. मी रस्त्यावर गाडी शोधत पळत सुटले. मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

दवाखान्यात नर्सने भराभरा विचारलं. रोज किती युनिट घेतात? जेवणाआधी किती? शेवटचं कधी घेतलं? मला तीनेकशे गिऱ्हाइकांची मापं पाठ आहेत. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाची मान आखूड, झोपेतून उठवून विचारा. सख्ख्या बहिणीला किती इन्सुलिन लागतं हे बत्तीस वर्षांत मी एकदाही विचारलेलं नव्हतं. मी पडद्याला पाठ लावून उभी होते ना. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही शेजारच्या का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हो म्हणाले नाही एवढंच.

दोन दिवस तिचा जीव टांगणीला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कपडे एका पिशवीत घालून माझ्या हाती दिले, नळीसकट. घरी येऊन शर्ट उलटा केला तर दोन टाचण्या अजून तिथेच. एक अस्तरातून आरपार गेलेली, आणि त्या जागी अस्तर कडक झालेलं, वाळलेल्या औषधाने. मी नळी नळाखाली धरून पाणी सोडलं. मधोमध एक बारीक धार उडाली.

खरं सांगते, त्या क्षणी मला बहिणीची दया आली नाही. मला आधी हे वाटलं की कुणी पाहिलं तर नाही? मी नळीचे कात्रीने चार तुकडे केले आणि चिंध्यांच्या पिशवीत तळाशी घातले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नळी कुठंय? गळती कुठे झाली ते बघायला हवं होतं." मी म्हटलं, "फेकली वाटतं दवाखान्यातच कुणीतरी."

चौथ्या दिवशी बॉबीन घरी आली. पंप खोक्यात गेला, सुया परत आल्या. ती काही बोलायची नाही. मीच बोलायचे, कारण चोराच्या मनात चांदणं. "मशीन ते मशीनच. आपलं इंजेक्शन बरं. हाताचं काम हाताने." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! ती नुसती मान हलवायची. पहाटे पुन्हा तिच्या खोलीतून डब्याचं झाकण वाजायला लागलं. मी अंथरुणात पडून ऐकायचे. तिने सुई टोचली की मात्र विचारायचे, "दुखलं का गं?" आयुष्यात कधी विचारलं नव्हतं, आता दरवेळी विचारायला लागले. ती म्हणायची, "ताई, किती करतेस माझ्यासाठी."

अकराव्या दिवशी पंपाचं काय ते कळवायला आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खोकं तिच्या मांडीवर. तिने ते घरून फडक्याने पुसून आणलं होतं.

"काय ठरवलंत?"

"इंजेक्शनच," बॉबीन म्हणाली. "मला आवडलं होतं ते. पण आता विश्वास नाही राहिला. कधी दगा देईल कळत नाही."

"ठीक आहे. दोन्हीने माणसं नीट जगतात. निर्णय तुमचा. फक्त तुमची पहाटेची साखर परत खाली जातेय, त्याची मला काळजी वाटते." त्यांनी पंप परत केल्याचा कागद पुढे सरकवला. बॉबीनने सही करायला पेन उचललं.

मला वाटलं, होऊ दे सही. एक सही झाली की संपलं. पंप गेला की टाचणीही गेली. मग तिने दुसऱ्या हाताने खोक्यावरून हात फिरवला, हलकेच, एखादं पोर परत देऊन टाकताना फिरवावा तसा.

"मशीनने काही केलेलं नाही," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, मला शंका आली. "टाचणी मी मारली होती. नळीला भोक पडलं. मी पाहिलंय. नळी मीच कापून टाकली."

बॉबीनने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी पाहिलंस?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हाच."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "घरी येऊन अकरा दिवस. रोजच्या चार. चव्वेचाळीस सुया झाल्या, ताई." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू दरवेळी मला विचारत होतीस, दुखलं का गं?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात, ते मला बोलण्यापुरतं वाटायचं. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांनी तो कागद घेतला आणि खणात टाकला.

घरी ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी दुकानात आली ती पंप लावून. बाहेरून, पट्ट्याला, गळ्यातला टेप जिथे लोंबतो त्याच्या शेजारी. पाचही शर्ट तिने माझ्या टेबलावर टाकले. "खिसे उसव." मी उसवायला बसले. घट्ट टीप मारली होती मी, लवकर सुटेना. पेन पुन्हा दुकानातल्या खणात आलं. शेजारी तिने एक कागद चिकटवला, सकाळी किती, जेवणाआधी किती, उलटी झाली तर काय करायचं. मला म्हणाली, "पाठ कर. गिऱ्हाइकांची करतेस तशी." मी केला.

त्याच दुपारी मॅनेजरबाई कोटांची चौकशी करायला आल्या. बॉबीनला बघून त्यांना बरं वाटलं. मग त्यांची नजर तिच्या कमरेकडे गेली. "हे काय हो?"

माझं तोंड उघडलंही होतं. मापं नोंदवायचं यंत्र आहे, असं काहीतरी जिभेवर तयारच होतं. बॉबीनने मशीन थांबवलं.

"ताई, तू सांग."

दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या. मी हातातला उसवलेला खिसा टेबलावर ठेवला. "माझ्या बहिणीला मधुमेह आहे," मी म्हटलं. "अकरा वर्षांची होती तेव्हापासून. इन्सुलिनचा पंप आहे तो. त्या दिवशी खाणं बाधलं नव्हतं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

बसलेल्या बायकांपैकी एकीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा नमुन्यांच्या पुस्तकात घातली.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना," मॅनेजरबाई म्हणाल्या. "माझी गाडी दारात उभी होती. पाच मिनिटांत पोचवलं असतं." आणि त्यांनी कोट अंगात चढवला. "बरं, ही उजवी बाही मला अजून दोन बोटं लांब वाटतेय, तेवढं बघता का?"

बॉबीन टेप घेऊन उठली. मी टाचण्यांची डबी तिच्यापुढे धरली. ती बाही टाचत होती तोवर मी तशीच उभी राहिले, डबी धरून, खाली मान घालून.